महालातला वाडा आणि ‘थोडं भयाण करा’

काम सांगायला सोपं होतं. नागपुरात महाल नावाच्या जुन्या वस्तीत एक वाडा आहे, कुटुंबातलं कुणी आता तिथे राहत नाही, आज ना उद्या तो पडणार. त्याआधी त्याचा पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ करून द्यायचा. निवेदन नको, मुलाखती नकोत, नुसतं वातावरण हवं. मागणी आली ती वारसांपैकी एकाच्या मुलाकडून. तो पुण्यात नोकरी करतो, मोबाइलवर असले व्हिडिओ पुष्कळ बघतो. त्याच्या संदेशाची शेवटची ओळ होती, ‘थोडं भयाण करा.’

या प्रकरणात पुढे झालेली बहुतेक ओढाताण या ओळीवरूनच झाली. कॅमेरा माझ्या मित्राचा, ध्वनिमुद्रण आणि संकलन माझं, हाताशी एक मदतनीस. कुटुंबाचं आणि वाड्याचं नाव देत नाही, कारण जागेचा निकाल लागायचा आहे.

वाडा नेहमीच्या घडणीचा. रस्त्याकडे देवडी, आत चौक, चौकाभोवती सागवानी खांबांची ओसरी, वर माडी, मागे परस आणि विहीर. घरचे ‘भोसलेकालीन’ म्हणतात. नागपुरात महालातला प्रत्येक जुना वाडा भोसलेकालीन असतो, त्यामुळे यावर आम्ही वाद घातला नाही. जोतं आणि देवडीच्या जाड भिंती तेवढ्या जुन्या असतीलही. पण माडीचे ओतीव लोखंडी कठडे आणि कवाडांवरच्या रंगीत काचा १८५४ मध्ये राज्य खालसा झालं त्यानंतरच्या, इंग्रजी अमलातल्या दिसतात. आतल्या भिंतींना नीळ घातलेला चुना आहे. ही नीळ पुढे कामाची ठरली.

आता ‘कुणी राहत नाही’ याबद्दल. देवडीत एक चौकीदार राहतो. परसात त्याचा पाणी तापवायचा बंब आहे, ओसरीत दोरीवर त्याचे कपडे वाळतात. रस्त्याच्या अंगाला वह्या-रजिस्टर बांधणीचं दुकान आहे, आजच्या दुकानदाराच्या वडिलांनी भाड्याने घेतलेलं. म्हणजे वाडा मालकांच्या लेखी रिकामा होता आणि दोन माणसांच्या लेखी चांगला चालू होता.

परवानगी

असे व्हिडिओ काढणाऱ्यांत दाराची फट शोधून आत शिरण्याची एक फॅशन आहे. कायद्याने पाहिलं तर रिकामी जागा बेवारस होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३२९ अतिक्रमणाचं आहे. त्यात गुन्हा करण्याचा किंवा जागा ताब्यात असणाऱ्याला धमकावण्याचा, अपमानाचा, त्रास देण्याचा हेतू लागतो हे खरं. पण तो हेतू नव्हता हे सांगत बसायचं ते पोलीस ठाण्यात. गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय आत पाय मोडला तर कुणाला हाक मारणार, हा कायद्याआधीचा प्रश्न आहे.

आम्ही आखीव पत्रिकेची, म्हणजे मिळकतीच्या मालकीची नोंद असलेल्या सरकारी कागदाची, प्रत मागितली. तिच्यावर नावं होती, त्यांतली काही माणसं केव्हाच वारलेली. हयात वारस तीन: नागपुरातच धंतोलीत राहणाऱ्या थोरल्या काकू, पुण्याचे मधले काका (ज्यांच्या मुलाची ही हौस) आणि भिलाईचे धाकटे. धाकट्यांचं हिश्शावरून बाकीच्यांशी पटत नाही. काकूंनी फोनवरच हो म्हटलं, पुण्याहून सही आली, भिलाईहून आठवडाभर काहीच नाही. मग एक अट आली: काढलेलं सगळं चित्रण, कापाकापी न केलेलं, त्यांनाही मिळालं पाहिजे. अट रास्त होती. साध्या कागदावर तिघांच्या सह्या, कोणत्या तारखांना कोण आत जाणार, काय झालं तर जबाबदारी कुणाची, एवढं लिहून घेतलं आणि एक प्रत हद्दीतल्या पोलीस ठाण्यात दिली. डिसेंबर होता, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलेलं. त्या दिवसांत शहरात मोठ्या बॅगा घेऊन फिरणाऱ्यांची चौकशी होतेच. कागद जवळ असलेला बरा.

ड्रोनचा हट्ट पुण्याचा होता. तो पहिल्याच दिवशी मोडीत काढावा लागला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. सोनेगावचा विमानतळ महालापासून फार लांब नाही. संघाचं मुख्यालय महालातच असल्याने त्या परिसरात ड्रोन आणि चित्रीकरणाला मनाई करणारे आदेशही पोलिसांनी यापूर्वी काढले आहेत. त्यात अधिवेशनाचा बंदोबस्त. पण या सगळ्यापेक्षा भक्कम कारण पश्चिमेच्या वळचणीला लटकत होतं: आग्या मोहोळ, चांगलं परातीएवढं. त्याच्याजवळ पंख्यांची घरघर नेणं म्हणजे खालच्या रस्त्यावरच्या माणसांवर संकट आणणं. ‘त्याले हात नका लावू जी,’ एवढंच चौकीदार म्हणाला. आम्ही त्या बाजूचा जिनाही वापरला नाही.

दुकानदाराचा आक्षेप

इथे प्रकरण खऱ्या अर्थाने सुरू झालं. मला आवाज घ्यायचा होता आणि दुकानातलं कागद कापायचं यंत्र मधूनमधून धाडकन आदळायचं. ते थोडा वेळ बंद ठेवता येईल का, हे विचारायला मी गेलो. दुकानदाराने यंत्र बंद केलं, चहा मागवला आणि विचारलं, ‘काय काढून राहिले तुमी आत?’

मी सांगितलं: जुन्या वाड्याचं वातावरण वगैरे.

‘म्हन्जे पडकं दाखवसान?’

मी म्हटलं, आहे तसं दाखवू.

‘आहे तसं कुठी दाखवते कोनी. तुमी सिनेमा काढून चालले जाल, अन् मंग सायेब तो पाह्यतीन. मले म्हनतीन, उचल तुयी मशीन.’

हा भित्रेपणा नव्हता. वाड्याला महापालिकेची नोटीस आलेली होती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेल्या बांधकामाबद्दल अशी नोटीस देता येते. धोकादायक इमारतींची वर्गवारी आपल्याकडे सी-१ ते सी-३ अशी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून लगेच पाडायची. सी-२-अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२-ब म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. मालकांना सी-१ हवं होतं. दुकानदार म्हणत होता की रस्त्याकडची बाजू सी-२-ब आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये मालकाला ताबा परत मिळण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत महापालिकेने इमारत पाडायचा आदेश देणं हे एक आहे. म्हणजे वाडा किती पडका, यावर त्याचं दुकान टिकणार होतं.

आणि आमच्याकडे मागणी होती वाडा आहे त्यापेक्षा जास्त पडका दाखवण्याची. पुण्याच्या मुलाच्या मनात कपट नव्हतं असं मला अजूनही वाटतं. त्याला नुसता भारी व्हिडिओ हवा होता. पण वातावरणाच्या व्हिडिओचं नेहमीचं व्याकरण बघा: रुंद लेन्स जमिनीलगत, भिंतीला खेटून आडवा उजेड, रंगात हिरवट-निळी छटा, सावल्या काळ्याठिक्कर, खाली घुमणारा आवाज. यातली प्रत्येक गोष्ट इमारतीच्या प्रकृतीबद्दल काहीतरी ठाम सांगते. भिंतीवर समोरून उजेड पडला तर केसाएवढी भेग दिसतही नाही. तोच उजेड भिंतीला घासत आला तर तिची कड उजळते, आतली सावली गडद होते आणि तीच भेग दरी वाटते. भेग तीच, भिंत तीच. पिंपळाचं वीतभर रोप खालून रुंद लेन्सने घेतलं की भिंत फोडून झाड उगवल्यासारखं दिसतं. हे सगळं आम्हाला येत होतं, आणि सरावाने हात तिकडेच जात होता.

काकूंकडे बसून हे बोललो. दुकानदाराचं त्यांना तितकंसं पडलेलं नव्हतं. जागेचा खटला त्यांच्याही नावावर आहे. त्यांचा राग वेगळाच निघाला. मदतनीसाने चाचणीसाठी माडीवरच्या एका खोलीत कापसाची जाळी ताणून फोटो काढला होता, तो त्यांनी बघितला. ‘अरे बाबा, माझ्या सासूबाईंची खोली आहे ती. त्यांनी जन्मभर तिथे जाळं धरू दिलं नाही, आणि तू विकत आणून लावून राहिला?’

ठरलं ते असं. चित्रण दोन वेगवेगळ्या प्रकारे करायचं. एक साधी नोंद: प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, डोळ्याच्या उंचीवरून, समोरच्या सपाट उजेडात, भेगांपाशी पट्टी धरून, तारखेसह. ती तिन्ही वारसांना आणि दुकानदारालाही द्यायची. दुसरा वातावरणाचा व्हिडिओ, आणि त्यात तिथे नसलेलं काहीही आणायचं नाही. कृत्रिम धूर नाही, जाळी नाही, ओढून आणलेली बाहुली नाही, भेगांवर आडवा उजेड नाही. दोरीवरचे कपडे काढायचे नाहीत. आणि नोटिशीचा निकाल लागेपर्यंत यातलं काही कुणी इंटरनेटवर टाकायचं नाही. शेवटची अट पुण्याला झोंबली, पण काकूंनी पुतण्याला फोन केला आणि ती मान्य झाली. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी बारा वाजता

इतकं सगळं वर्ज्य केल्यावर वातावरण आणायचं कुठून, हा कॅमेरावाल्या मित्राचा प्रश्न रास्तच होता. उत्तर त्याचं त्यानेच शोधलं, आणि या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच.

चित्रीकरण शिकवणारा प्रत्येक जण सांगतो की भर दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका, ऊन डोक्यावर असतं, सगळं सपाट दिसतं. उघड्या माळावर हे बरोबर आहे. चौकात हिशोब वेगळा. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या मध्याला भर माध्यान्हीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. आपला चौक वीस फूट रुंद, भोवतीच्या छपराची कडही वीस फूट उंच. ४५ अंशाचा किरण दक्षिणेच्या छपरावरून निघाला की वीस फूट खाली येताना वीस फूट पुढे सरकतो, म्हणजे नेमका उत्तरेच्या ओसरीच्या पायरीशी पोचतो. बाकी चौक सावलीत. त्या दिवसांत उन्हाची एक बारीक पट्टी उत्तरेच्या ओट्यावर उतरते, खांबांच्या बुंध्यांना लागते, आणि थोड्या वेळात निघून जाते. हेच मेअखेरीस करायला गेलो असतो तर सूर्य बरोबर डोक्यावर, चौक काठोकाठ उन्हाने भरलेला, आणि दाखवण्यासारखं काही नाही. ४५ डिग्रीत कॅमेरा तापून बंद पडला असता ते निराळंच.

माध्यान्हही घड्याळाच्या बाराला होत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, नागपूर ७९ च्या थोडं पुढे. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे चौदा मिनिटं मागे. डिसेंबरच्या मध्याला सूर्य स्वतःच पाचेक मिनिटं पुढे असतो, ते वजा केलं की बारा वाजून नऊ-दहा मिनिटं उरतात. कॅमेरा त्याआधी अर्धा तास लावून ठेवायचा, आणि मग हलवायचा नाही.

न हलवणं हा सुरक्षेचाही भाग होता. हातात गिंबल (कॅमेरा हलू न देणारी दांडी) घेऊन चालणारा माणूस स्क्रीनकडे बघतो, पायाखाली नाही. माडीच्या तक्तपोशीला वाळवी लागलेली होती. तिथे एका वेळी एकानेच जायचं, काठीने ठोकत, भिंतीच्या कडेकडेने, कारण तुळया भिंतीत रोवलेल्या असतात आणि मधोमध सर्वांत जास्त लवतात. पूर्वेची माडी आम्ही पूर्ण सोडली. तिथल्या खोलीत वटवाघळं होती. त्यांच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे एन-९५ मुखपट्टी बांधून दारातून एक नोंद घेतली आणि दार लावलं. थोडक्यात, सगळा व्हिडिओ तिपाईवरच्या स्थिर चौकटींचा झाला. नाइलाज होता, पण वाड्याला तो शोभला.

स्थिर चौकटीत हलतं फक्त ऊन. पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्य चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो. माजघराच्या झरोक्याची जाळी समोरच्या भिंतीपासून बारा-तेरा फुटांवर आहे. तेवढ्या अंतरावर एक अंश म्हणजे अडीच-पावणेतीन इंच. दर चार सेकंदाला एक छायाचित्र घेतलं, २५० घेतली, तर सेकंदाला २५ चौकटींच्या वेगाने दहा सेकंदांचा तुकडा होतो आणि प्रत्यक्षात सतरा मिनिटं जातात. एवढ्यात जाळीची नक्षी भिंतीवरून जवळपास फूटभर चालत जाते. नीळ घातलेल्या चुन्यावरून पिवळसर उन्हाचे चौकोन सरकताना बघायला दुसरा कुठला परिणाम मिसळावा लागत नाही.

नीळ टिकवायला मात्र भांडावं लागलं, तेही कॅमेऱ्याशी. रंगसंतुलन आपोआपवर ठेवलं की कॅमेरा भिंतीची निळसर झाक दोष समजून काढून टाकतो. ते ५६०० केल्व्हिनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या मापावर, बांधून टाकलं, म्हणजे ऊन उन्हासारखं, सावली गार आणि चुना ज्याचा त्याच रंगाचा. उजेड मोजला तो उन्हाच्या पट्ट्यावर. चौकातलं ऊन आणि माजघरातला काळोख यांच्यात इतका फरक होता की दोन्ही एका चौकटीत नीट येणं शक्य नव्हतं. त्यामुळे ऊन जळू द्यायचं नाही आणि काळोख काळोखच राहू द्यायचा, असं ठरवलं. सावल्या संगणकावर उचलल्या असत्या तर दाणेदार करडेपणा तेवढा मिळाला असता. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर, कारण २५ चौकटींना ते जुळतं आणि आपल्या वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झलाही. तरीही देवडीतल्या चौकीदाराच्या स्वस्त एलईडी दिव्याने पट्टे मारलेच. तो दिवा दिसणाऱ्या चौकटी त्याने दिवा मालवल्यावर घेतल्या.

धूर

सगळ्यांना हवे असतात ते उन्हाचे झोत. हवा स्वच्छ असेल तर ऊन वाटेत दिसत नाही. ते कशावर तरी आपटून डोळ्याकडे यावं लागतं. बारीक कण उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात, म्हणून झोत बघायचा तर उजेडाकडे तोंड करून, आणि मागे गडद भिंत असावी. नेहमीचा उपाय धुराचं यंत्र. ते आम्ही बाद केलेलं. बारदान झटकून धूळ उडवायची तर त्यात वाळवी, चुना आणि वटवाघळांचं सगळं आलं. पाण्याच्या फवाऱ्याने बघितलं. थेंब क्षणात खाली बसतात, आणि चुन्याच्या भिंतीला ओल दाखवायला मालकांना आयतं कारण.

उपाय परसात होता. चौकीदार सकाळी आठच्या पुढे बंब पेटवतो. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि साडेआठच्या सुमाराला पुरता खाली असतो. परसाच्या दारातून त्याचे किरण आडवे बोळात शिरतात, आणि बंबाचा धूर त्याच बोळातून बाहेर पडायला बघतो. मोहोळ पलीकडच्या अंगाला, आणि हा धूर रोजचाच. आम्ही बोळाच्या आतल्या टोकाला, दाराकडे तोंड करून कॅमेरा लावला. चौकीदाराला काही वेगळं करायला सांगितलं नाही. लाकडं ओली आहेत का, एवढं विचारलं. ‘थोडी आहेत. कोरडी टाकू का?’ राहू द्या म्हटलं. एवढी ढवळाढवळ आम्ही केली असं कुणी म्हणालं तर ते कबूल.

त्या झोतांत चौकीदार स्वतः बादली घेऊन जातो. मित्राचा कल ती चौकट त्याच्याशिवाय ठेवण्याकडे होता, कारण ‘ओसाड’ वाटलं पाहिजे. मी त्याच्यासकट ठेवली. यावर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो माणूस आला की बघणारा वाडा बघायचं सोडून माणूस बघतो. मला वाटतं, बादलीच्या कडीचा आवाज नसता तर तो बोळ किती लांब आहे हे कळलंच नसतं.

आवाजाबद्दल थोडं. प्रत्येक खोलीत कुणी न हलता किमान मिनिटभर नुसती शांतता मुद्रित केली. चुन्याच्या कोऱ्या भिंती आवाज परतवतात, लाकडी छत खातं. त्यामुळे देवघर आणि माजघर शेजारी असूनही त्यांची शांतता वेगळी ऐकू येते. पारवे सगळीकडे. ई-रिक्षांचे भोंगे आणि एकदा मंत्र्यांच्या ताफ्याचा सायरन. पहाटेचा शांत वेळ गाठून रस्ता पूर्ण काढून टाकता आला असता. पण महाल भर वस्तीचा भाग, आणि तिथला वाडा निर्जन रानात असल्यासारखा ऐकवणं हे कापसाच्या जाळीच्याच जातीचं. रस्ता ठेवला, दोन भिंतींपलीकडून येतो तितका मंद. दुकानातल्या यंत्राचा आदळण्याचा आवाजही ठेवला. माडीवरच्या रिकाम्या खोलीत तो खालून, लाकडातून चढत येतो. संगीत नाही.

काय झालं

व्हिडिओ साडेपाच मिनिटांचा झाला. काकूंनी घरी नातेवाइकांना दाखवला. सासूबाईंच्या खोलीची चौकट फार थोडा वेळ आहे, अशी त्यांची तक्रार. साधी नोंद त्यांनी पूर्ण पाहिली, सगळ्या भिंती, आणि मध्ये थांबवून कुठे काय असायचं ते सांगत राहिल्या. ते बोलणं मी तेव्हाच मुद्रित करून घेतलं. कुटुंबाच्या दृष्टीने या कामातली सर्वांत मोलाची वस्तू बहुधा ती ध्वनिफीतच असेल. कामाच्या मूळ मागणीत तिचा उल्लेखही नव्हता.

पुण्याच्या मुलाला व्हिडिओ ‘छान पण स्लो’ वाटला. मित्रांना दाखवला तर कुणी घाबरलं नाही. त्याची निराशा खरी आहे आणि ती आमच्या निवडींचाच परिणाम आहे. पैसे त्याच्या वडिलांनी दिले होते. असं काम घेणाऱ्याने ही किंमत आधीच धरावी. आमचा दुसरा हप्ता उशिरा आला.

माझ्या मते एक बाजू लंगडी राहिली. ‘खोटं काही आणायचं नाही’ या नियमाने आम्ही पडकेपणा वाढवला नाही, पण तो थोडा लपवला. निळ्या भिंतीवरून सरकणारं ऊन इतकं देखणं दिसतं की वाडा आहे त्यापेक्षा ठणठणीत वाटतो. पूर्वेची माडी खरोखरच धोक्याची आहे आणि व्हिडिओत ती एका बंद दारापुरती येते. भिलाईच्या काकांनी नेमकं हेच बोट ठेवलं: ‘तुम्ही तर भाडेकऱ्याचं काम केलं.’ त्यांच्याकडे सगळं कच्चं चित्रण आहे, वटवाघळांच्या खोलीसकट, असं उत्तर दिलं. ते उत्तर साध्या नोंदीच्या जोरावर देता आलं. नुसता व्हिडिओच केला असता तर ते म्हणतात ते बरोबरच ठरलं असतं.

दुकानदाराने पेन ड्राइव्ह वकिलाकडे दिला. वकिलांना वातावरणाच्या व्हिडिओत रस नव्हता. त्यांनी रस्त्याकडच्या भिंतींच्या पट्टी धरलेल्या चौकटी तेवढ्या मागितल्या, तारीख कशी पडते ते विचारलं, आणि मूळ मेमरी कार्ड जपून ठेवा म्हणाले. ते आम्ही ठेवलं आहे. नव्याने संरचनात्मक तपासणी करायची मागणी त्यांनी केली आहे. पुण्याचा मुलगा अधूनमधून विचारतो, आता टाकू का. निकाल लागला की टाक, म्हणून सांगतो. आग्या मोहोळ सध्या वळचणीलाच आहे.